वेगाचा काटा हललाच नाही

१

विमान उसात शिरलं तेव्हा फडातले बगळे एकदम उठले, आणि नंतर कितीतरी वेळ खाली उतरायला तयार होईनात. कारखान्याच्या गेटवरच्या माणसांना आधी ते बगळेच दिसले. आवाज मागून आला.

दसऱ्याची सकाळ होती. श्रीगोंदा तालुक्यातल्या त्या साखर कारखान्याच्या पाठीमागे चेअरमन अमृतराव धुमाळांनी हौसेनं बांधलेली एक धावपट्टी आहे. तिच्यावरून त्यांचं चार जणांचं, एका इंजिनाचं विमान पुण्याला निघालं होतं. ते जमिनीवरून सुटलंच नाही. पट्टी संपली, तारेचं कुंपण तुटलं, ऊस आडवा झाला आणि पाटाच्या चारीवर नाक आपटून विमान डाव्या पंखावर कलंडलं. वैमानिक यामिनी पाठक हात मोडून वाचली. तिच्या शेजारी बसलेले कारखान्याचे कार्यकारी संचालक हेमचंद्र मुळे दवाखान्यात पोचायच्या आत गेले.

मुंबईहून चौकशी अधिकारी आले. त्यांना यामिनीनं एकच गोष्ट सांगितली, की वेगाचा काटा हलला नाही. त्यांनी काटा तपासला, तो ठीक होता. काट्याकडे वारा नेणारी नळी तपासली, तीही आरपार मोकळी निघाली. मग लोक बोलायला लागले. पोरगी मोबाईल बघत असणार, तिचं लक्ष नव्हतं, आणि आता काट्याच्या नावावर खपवतेय.

नगरला सावेडीत राहणाऱ्या सुचित्रा वैद्यांनी हे सगळं वर्तमानपत्रात वाचलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या या बाईंनी उभं आयुष्य मुलांना विमान उडवायला शिकवण्यात घालवलं होतं. त्या काळी धोतर नेसलेले वडील मुलाला घेऊन फ्लाइंग क्लबात यायचे, शिकवणारी बाई आहे म्हटल्यावर क्षणभर घुटमळायचे, आणि दुसरं कोणी नाही का, असं हळूच विचारायचे. यामिनी त्यांच्या शेवटच्या तुकडीतली. हाताची हलकी, डोक्यानं तापट.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी सकाळी ती दारात उभी राहिली. उजवा हात प्लास्टरमध्ये, डोळ्यांखाली काळं. उद्या कारखान्याच्या गेस्टहाऊसवर तिचा शेवटचा जबाब होता. त्यानंतर लायसन्स जाणार आणि निष्काळजीपणानं माणूस मारल्याची केस उभी राहणार, हे जवळपास ठरल्यातच जमा होतं.

“मॅडम, मोबाईल बॅगेत होता,” ती म्हणाली. “मी काटाच बघत होते. तो हललाच नाही.”

सुचित्राबाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं. काटा न हलायची सगळी कारणं त्यांना पाठ होती, आणि त्यातलं एकही इथं लागू पडत नव्हतं. म्हणजे दोनच गोष्टी उरत होत्या. एक तर नळी खोटं बोलत होती, नाही तर ही मुलगी.

२

त्यांनी तिला पहिल्यापासून सांगायला लावलं. घाई करू दिली नाही.

विमानाच्या डाव्या पंखाखाली बोटाएवढी जाड नळी असते, तोंड पुढे करून बसलेली. समोरचा वारा तिच्यात शिरतो आणि त्याच्या जोरावर काटा वेग दाखवतो. उभ्या विमानाच्या नळीत गांधीलमाशा घर करतात, म्हणून तिला लाल कापडी खोळ घालून ठेवायची पद्धत आहे. उड्डाणाआधी वैमानिक विमानाभोवती एक पूर्ण फेरी मारतो आणि सगळं डोळ्यांखालून घालतो. यामिनीनं ती डाव्या पंखापासून सुरू केली होती. खोळ काढली, नळीचं तोंड मोकळं आहे ते पाहिलं. पुढे नाक, उजवा पंख असं करत ती शेपटीपाशी आली, आणि अमृतरावांनी तिला शेडमधून हाक मारली.

दसरा होता, फोटो काढायचा होता. आक्काबाई, म्हणजे अमृतरावांच्या आई, सगळ्यांच्या कपाळाला कुंकू लावून, सगळ्यांना घटातल्या धानाचा एकेक तुरा देऊन ताट घेऊन पुढे गेल्या होत्या. चहा झाला. मुळेसाहेबांना पुण्याहून दिल्लीचं विमान गाठायचं होतं. ते सारखे घड्याळाकडे बघत होते. मग यामिनी परत आली, शेपटीचं तेवढं राहिलेलं पाहिलं आणि आत चढली.

सुचित्राबाई काही बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की पूर्वीसुद्धा मुलांना घाम फुटायचा.

“सुरुवातीपासून परत फेरी मारायला हवी होती,” यामिनी स्वतःच म्हणाली. “विमानापासून बाजूला गेलं की पहिल्यापासून. तुम्हीच शिकवलंत. नाही मारली.”

“आणि पट्टीवर?”

पट्टीवर तिनं थ्रॉटल पूर्ण पुढे केला, विमान धावायला लागलं, आणि काटा शून्यावरच. तिनं काचेवर टिचकी मारली. परत मारली. तिला वाटलं आता हलेल. मान वर केली तेव्हा समोर कुंपण होतं. ब्रेक दाबले, तोवर फार उशीर झाला होता.

सुचित्राबाईंनी सांगितलं, की उद्या हेही सांगावं लागेल.

यामिनी कडवट हसली. “एवढं सांगितलं तर त्यांना आणखी काय हवंय, मॅडम? बाकीचं कोण ऐकणार मग?”

तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. बाईंनी शेडमधला तो फोटो मागितला. तो यामिनीच्या मोबाईलवरच वॉचमननं काढला होता. चौघं ओळीनं उभे, ऊन तोंडावर. अमृतरावांच्या पांढऱ्या टोपीत पिवळसर तुरा, मुळेसाहेबांच्या शर्टाच्या खिशात एक, मेकॅनिक गोरक्षच्या टोपीत एक, यामिनीच्या कानामागे एक. मुळेसाहेबांनी त्या घाईतही हसून घेतलं होतं.

बाईंनी मोबाईल परत दिला आणि पर्स उचलली.

“चल,” त्या म्हणाल्या. “मला तुझं विमान बघायचंय.”

३

गोरक्षच्या दोन्ही पंजांना पट्ट्या होत्या. उजवीकडच्या दाराची काच फोडून त्यानं मुळेसाहेबांना बाहेर ओढलं होतं. तो पंचेचाळिशीचा, तुटक बोलणारा माणूस. यामिनीला बघून त्यानं मान खाली घातली, आणि बाईंना म्हणाला की विचारायचं ते विचारा, मला लपवायचं काही न्हाई.

तर मग त्यांनी सरळच विचारलं, की मुळेसाहेबांशी त्याचं बरं होतं का.

“न्हवतं,” गोरक्ष म्हणाला. “त्ये म्हनायचे इमान इकून टाका, कारखान्याला शोभत न्हाई. इमान गेलं तर मी कुठं जानार? चेअरमनसाहेबांशी बी त्यांचं त्याच्यावरून वाजलंय. पर मानूस वाईट न्हवता, बाई. ओढताना माज्याकडं बघत हुता.”

त्याच्या शेडमधून जाताना बाईंचे डोळे इकडेतिकडे फिरत होते. त्या मूळच्या पुणतांब्याच्या, मास्तरांची मुलगी. त्यांच्या घरी खंडेनवमीला पाट्या-पुस्तकं मांडायचे आणि शेजारच्या शेतकऱ्याकडे नांगर, कुळव, विळे. दुसऱ्या दिवशी घट उठायचे, अंधारात वाढलेलं ते पिवळं धान देवापुढून निघायचं आणि टोपीत, पागोट्यात, केसांत, अवजारांत खोवलं जायचं. अगदी तसंच इथं होतं. पाण्याच्या पंपाच्या नळाला वाळलेला तुरा. ट्रॅक्टरच्या दिव्यामागे तुरा. आग विझवायच्या लाल बाटलीच्या कडीत, गोरक्षच्या पेटीच्या बिजागरीत, शेडच्या कुलपाच्या कोयंड्यात. जिथं म्हणून एखादी फट किंवा भोक होतं, तिथं तो होता.

त्यांनी विचारलं, की गेल्या दसऱ्याला विमानाला कुठं खोवला होता. गोरक्ष म्हणाला की गेल्या दसऱ्याला विमान इथं नव्हतं, दुरुस्तीला गेलं होतं. औंदा पहिलीच पूजा.

विमान जिथं पडलं तिथंच, ताडपत्रीखाली होतं. पहाऱ्याला एक हवालदार. गोरक्षनं त्याला सांगून ताडपत्री वर धरली. नाकावरचं कुंकवाचं स्वस्तिक तडकलं होतं, पण होतं. चारीतला काळा चिखल उडून डावा पंख, दार, चाक, सगळं बरबटलं होतं, आणि आता वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. बाई कंबरेवर हात ठेवून वाकल्या. पंखाच्या कडेला, चिखलाच्या खपलीखालून, हळदकुंकवाची बोटं दिसत होती. त्याच्याच पुढे ती नळी.

नळी चकचकीत होती.

अधिकाऱ्यांनी पुसली का, असं त्यांनी विचारलं. गोरक्षनं मान हलवली. तो सगळा वेळ शेजारीच उभा होता. त्यांनी नुसती हवा मारून पाहिली, आणि त्यालाच दम दिला की चिखलाला कुणी हात लावायचा नाही.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. पंखावर चिखल, पंखाच्या खाली चिखल, नळीच्या बुडाशी चिखल, आणि बोटभर नळी तेवढी देवघरातल्या भांड्यासारखी लखलखीत. चिखल उडाला अपघात झाला तेव्हा. म्हणजे ही नळी कुणीतरी अपघातानंतर पुसली होती, आणि अधिकारी यायच्या आत.

४

चेअरमनांचा बंगला कारखान्याच्या वसाहतीतच आहे. अमृतरावांनी बाईंचं अगत्यानं स्वागत केलं, यामिनीच्या हाताची चौकशी केली. पन्नाशीचा भारदस्त माणूस, आवाज खाली ठेवून बोलणारा. ते स्वतःही थोडंफार विमान उडवायला शिकले होते. लायसन्सपर्यंत गेलं नाही, पण आवड होती. मुळेसाहेबांशी विमानावरून खटके उडायचे हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. मतभेद होते, पण वीस वर्षं तो माणूस या घरात जेवला, असंही मनापासून म्हणाले.

अपघात झाला तेव्हा ते जीपनं सगळ्यात आधी पोचले. गोरक्ष त्यांच्या बरोबर. गोरक्ष उजवीकडून दाराकडे धावला, ते डावीकडून यामिनीकडे. फार वाईट वाटतं, ते म्हणाले, पण मुलीचं वय लहान आहे, तिला पुढे दुसरं काही करता येईल. काट्याचं म्हणाल तर त्यांचा नाइलाज होता. त्यांनी स्वतः तिथं पोचल्या पोचल्या पाहिलं होतं, नळी मोकळीच होती.

यामिनी खाली मान घालून ऐकत होती. बाईंनी कप बशीत ठेवला. आवाज होऊ न देता ठेवायला त्यांना जरा कष्ट पडले.

एवढ्यात आक्काबाई आतून आल्या. ऐंशीच्या घरातल्या, पण ताठ आणि चांगल्या उंच. त्यांनी यामिनीच्या प्लास्टरवरून हात फिरवला, दुखतं का विचारलं, आणि तिच्या शेजारी बसून मुळेसाहेबांसाठी रडू लागल्या. त्याला त्यांच्या हातची शेंगोळी आवडायची. दसऱ्याला जेवून जा म्हटलं तर म्हणाला, आल्यावर जेवतो.

बाईंनी त्यांना थोडा वेळ दिला. मग सहज विचारावं तसं विचारलं, की आजी, तुमची पूजा फार निगुतीची दिसते, शेडमध्ये काही म्हणजे काही सुटलेलं नाही.

“सुटंल कसं?” आक्काबाई डोळे पुसत म्हणाल्या. “ज्याच्यावर पोट हाय त्याला तुरा द्यावाच लागतो. समद्यास्नी दिला. कुलपाला बी.”

“आणि विमानाला?”

अमृतराव उठून उभे राहिले. आईचं ब्लडप्रेशर वाढतं, तिला आता पडू द्या, असं म्हणत त्यांनी आक्काबाईंच्या दंडाला धरलं. म्हातारी मुलाकडे नवलानं बघत राहिली, आणि मग उठली.

५

नगरहून आणलेल्या भाड्याच्या गाडीत बसल्यावर यामिनी म्हणाली की मॅडम, आता काय. बाईंनी तिला विचारलं, की दसऱ्या दिवशी अपघाताचं कुणी चित्रण केलं होतं का. केलं होतं. श्रीगोंद्याच्या एका वार्ताहरानं मोबाईलवर काढलेलं जिल्हाभर फिरलं होतं. यामिनीनं ते आजवर उघडलं नव्हतं. आता तिनं ते लावून मोबाईल बाईंच्या हातात दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिली.

ऊस, धूळ, धावणारी माणसं, पट्टीकडे उलटी फिरलेली जीप. मग अमृतराव कॅमेऱ्यासमोर, घामानं भिजलेले, दोन शब्द बोलताना. बाईंनी चित्र तिथंच थांबवलं.

“यामिनी, इकडे बघ. टोपीत काय आहे?”

“तुरा.”

“किती?”

यामिनी वाकली. एक तुरा लांब, पिवळा, सकाळच्या फोटोतलाच. त्याला चिकटून दुसरा, आखूड, मुळाशी काळपट मातीचा गोळा असलेला.

मग बाईंनी तिला सांगितलं, एकेक गोष्ट तिच्यापुढे ठेवत. नळीचं तोंड मोकळं असल्याचं यामिनीनं पाहिलं होतं, त्यामुळे ती बुजली ते तिला शेडमध्ये बोलावल्यानंतरच. तेव्हा चौघंही फोटोत होते. ताट घेऊन पुढे गेलेली एकच व्यक्ती फोटोत नव्हती. पंखाच्या कडेला हळदकुंकवाची बोटं होती, म्हणजे ती नळीपर्यंत गेली होती. जिला प्रत्येक फटीत तुरा खोवायचा आहे तिच्या समोर, टोपी घातलेल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, एक तयार भोक आलं. तिनं त्यात ओल्या मातीसकट तुरा खोवला. वारा कोंडला, काटा मेला. त्यात कपट नव्हतं, आणि गोरक्षचा तर काही संबंधच नव्हता.

आता पुसलं कुणी? विमानाजवळ आधी पोचली ती दोनच माणसं. गोरक्षचे हात काच फोडल्यापासून रक्तानं माखलेले. त्यानं नळी पुसली असती तर त्या पंखावर रक्ताचा डाग राहिला असता. तो उजवीकडून हललाही नाही. राहिला तो डावीकडून आलेला, विमान थोडंफार शिकलेला, तुरा नळीत दिसताक्षणी सगळं उमजलेला माणूस. शेजारी दोन माणसं मरणाच्या दारात असताना नळी मोकळी आहे की नाही हे कोण बघतं? जो मोकळी करतो तो.

“पण मग फेकून का नाही दिला?” यामिनीनं विचारलं. “पायाखाली चिखल होता. दिसलाही नसता.”

सुचित्राबाईंनी मान हलवली. त्यांना त्यांची पुणतांब्याची आई आठवली. वाळलेला तुरा पायदळी येऊ नये म्हणून ती तो पदरात बांधून गोदावरीपर्यंत चालत जायची. “घटाचं धान आहे ते,” त्या म्हणाल्या. “या घरात वाढलेला माणूस ते चिखलात टाकणार नाही, काही झालं तरी. हातात धरून तर उभं राहता येत नाही. त्या दिवशी तुरा लपवायला सगळ्यात सोपी जागा टोपीच होती. दसऱ्याला टोपीतला तुरा कोण बघतो?”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच यामिनीला रडू येत होतं, आणि तेही धड येत नव्हतं.

गाडी मात्र नगरच्या रस्त्याला लागली नाही. बाईंनी ती परत बंगल्याकडे वळवायला सांगितली.

६

अमृतराव व्हरांड्यात एकटे बसले होते. ऊन उतरत होतं. बाईंनी मोबाईल त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवला, चित्र थांबवलेलं. त्यांनी ते बघितलं आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. नाकारायचा प्रयत्न त्यांनी केला नाही.

ते म्हणाले की पोचल्या पोचल्या दिसलं ते तेच. कुणाचं काम ते कळायला क्षण लागला नाही. मुळे आईला लेकासारखा होता. आपल्या हातानं त्याचा जीव गेला हे कळलं तर ती अन्न सोडेल.

“मॅडम, तुम्हाला आई असती तर तुम्ही काय केलं असतं?”

“मला माहीत नाही,” सुचित्राबाई म्हणाल्या. “पण तुमच्या आईला वाचवायला तुम्ही हिला बुडवायला निघालात. एका माणसाचा जीव हिच्या नावावर टाकलात, आणि हिला दुसरं काहीतरी करता येईल म्हणालात.”

उद्या तुम्ही सांगा, नाही तर मी सांगेन, असं म्हणून त्या थांबल्या. अमृतरावांनी काही उत्तर देण्याआधी आतल्या दारातून आवाज आला.

“कुनाचं काम, अमृत?”

आक्काबाई चौकटीला धरून उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. अमृतराव आई, आई म्हणत उठले. आक्काबाईंनी हातानंच त्यांना खाली बसवलं. मग त्या यामिनीपाशी आल्या आणि त्यांनी विचारलं, की पंखाखालचं ते भोक कशाचं हाय. यामिनीला सांगवेना. तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी हळूच सांगितलं, की मोठ्या आहेत त्या, विचारतात तर सांग. यामिनीनं सांगितलं, जमेल तितक्या हळू.

आक्काबाई खाली बसल्या. रडल्या नाहीत.

“तुऱ्यासाठीच केल्यागत हुतं गं,” एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गेस्टहाऊसवर मोठ्या टेबलामागे दोन अधिकारी बसले होते. सगळ्यात आधी आक्काबाई आत गेल्या. त्यांनीच तसा हट्ट धरला होता. त्यांनी सांगितलं ते सरळ होतं, फाटे न फोडता. मग अमृतरावांनी पुसल्याचं सांगितलं, आणि देव्हाऱ्यात ठेवलेला तो आखूड तुरा कागदात गुंडाळून टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. काट्याचं कोडं सुटलं होतं. यामिनीची बाजू खरी ठरली होती, आणि खोलीतल्या सगळ्यांना ते एकाच वेळी कळलं.

“मिस पाठक, तुम्हाला आणखी काही सांगायचंय?” मोठ्या अधिकाऱ्यांनी विचारलं. आवाज आज निराळा होता, जवळजवळ आपुलकीचा.

सुचित्राबाईंनी खिडकीबाहेर नजर नेली. काही नाही, असं ती म्हणू शकत होती. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. लायसन्स शाबूत, केस बंद, आणि पुढचं सगळं आयुष्य हवेत. तिच्या बाजूनं आलेल्या वकिलानं तर तिच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून गप्प राहायची खूणही केली. बाईंनी तिच्याकडे बघायचं टाळलं. हे तिचं तिनंच ठरवायचं होतं.

“सांगायचंय,” यामिनी म्हणाली. “मी फेरी अर्धी टाकून शेडमध्ये गेले, आणि परत आल्यावर पहिल्यापासून मारली नाही. मारली असती तर तुरा दिसला असता. आणि पट्टीवर मी काट्याकडेच बघत बसले. समोर बघितलं नाही.”

वकिलानं हात काढून घेतला. तेव्हा भिंतीलगतच्या खुर्चीवरून आक्काबाईंनी विचारलं, “समोर बघितलं असतंस तर थांबलं असतं का गं?”

यामिनी त्यांच्याकडे वळली. खोटं बोलायची ती शेवटची संधी होती, आणि त्या खोट्यानं ती स्वतः सुटली असती.

“काटा मेलाय हे कळल्या कळल्या मान वर केली असती तर थांबलं असतं, आजी. नाही तर काट्याशिवाय उडालंसुद्धा असतं. विमान काट्यावर उडत नाही.”

आक्काबाई तिच्याकडे बघत होत्या. म्हातारीच्या तोंडावरून काय काय सरकून गेलं ते सुचित्राबाईंनी पाहिलं. त्यात राग होता, आणि रागाच्या मागून थोडा आधारही, की एवढं सगळं ओझं आपल्या एकटीच्या हाताचं नाही. मग त्या टेकू घेऊन उठल्या आणि टेबलापाशी गेल्या.

“लिवा साहेब,” त्या म्हणाल्या. “तुरा खोवला ती मी. फेरी सोडली ती ही. अन पुसलं त्ये ह्या माज्या लेकानं. तिघांचं तीन जागी लिवा. कुनाचं कुनावर घालू नका.”

अधिकाऱ्यांनी अर्धा भरलेला कागद बाजूला सारला आणि नवा घेतला. मग त्यांनी आक्काबाईंना त्यांचं पूर्ण नाव विचारलं.